ऑटोमॅटिक गाडी आणि उसनं शहाणपण

गौरी-गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्या माणगावच्या अलीकडे अडकतात, तशीच दाजींचीही अडकली. मी धरून पाच माणसं, टपावर सामान, भर दुपार, एसी चालू. रांग दोन पावलं सरकायची आणि थांबायची. दीडेक तासानं डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना लागली. दाजींनी ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "प्रत्येक वेळी न्यूट्रल टाका." मग आतेभावाला लावला. तो म्हणाला, "काही करू नका, डी मध्येच ठेवा, ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते, तशी सरकू द्या."

दोघंही प्रामाणिकपणे सांगत होते, फक्त आपापल्या गाडीबद्दल. मित्राकडे एएमटी, आतेभावाकडे इनोव्हा क्रिस्टा, आणि दाजींची गाडी कोरड्या क्लचची ड्युअल क्लच. मी ग्लव्ह बॉक्समधून प्लॅस्टिकही न काढलेली पुस्तिका काढली. त्यात लिहिलं होतं: सुरक्षित जागी थांबा, पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा, वाट पाहा. एका चहाच्या टपरीशेजारी थांबलो. वीस मिनिटांत सूचना गेली.

ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतलेल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत हेच चाललेलं दिसतं. गाडी एका जातीची आणि सल्ला दुसऱ्या जातीच्या गाडीचा. म्हणून सुरुवात सगळ्यात मोठ्या गैरसमजापासून करतो.

"ऑटोमॅटिक सगळ्या सारख्याच"

क्लचचं पेडल नाही, एवढंच यांच्यात सारखं. आत चार वेगवेगळी यंत्रं आहेत.

एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्यात तीच क्लचप्लेट, तेच गिअर. फक्त आपला पाय आणि हात जे करायचे ते एक यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ साली मारुती सेलेरिओपासून हा प्रकार घराघरांत पोचला, पुढे नेक्सॉनसारख्या एसयूव्हींमध्येही आला. गिअर बदलताना मान पुढं-मागं होते, तो बिघाड नव्हे. मधल्या क्षणी क्लच सुटलेला असतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल फिरवतो, ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, हॅरिअर या गाड्यांमध्ये हाच प्रकार. गर्दीत सरकणं याला सगळ्यात सोसतं, कारण घसरतं ते तेल, क्लचप्लेट नव्हे.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामधून जाणारा पोलादी पट्टा, एवढ्यावर सगळं चालतं. होंडा एलिव्हेटमध्ये तो आहे. जोरात रेस दिली की इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून वेग घेते. पुष्कळांना वाटतं क्लच घसरतोय, पण त्याची चालच तशी आहे.

ड्युअल क्लचमध्ये एका क्लचकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून तो मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो. मात्र हे क्लच काही गाड्यांत कोरडे असतात, काहींत तेलात बुडालेले. कोरड्याला थंडावा मिळतो तो फक्त हवेचा.

गोंधळ वाढतो तो पुढे. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळे गिअरबॉक्स असतात. २०२४ ची क्रेटा घ्या: साध्या १.५ पेट्रोलला सीव्हीटी, टर्बो पेट्रोलला ड्युअल क्लच, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर. टायगुन आणि कुशाकमध्ये १.० लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, १.५ लिटरला कोरडा ड्युअल क्लच. तेव्हा "शेजाऱ्याकडे हीच गाडी आहे, त्याला काही त्रास नाही" या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. आधी आपल्या गाडीत कुठलं यंत्र आहे ते पुस्तिकेत बघा.

"क्लचचं पेडल नाही, म्हणजे क्लच जळायचा प्रश्न नाही"

एएमटी आणि ड्युअल क्लच या दोन्हींत क्लच आहे आणि तो झिजतो. चढावर पुढच्या गाडीमागे थांबताना ब्रेक न दाबता हलकी रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरायची सवय मॅन्युअलपासून आलेली. तोच हाफ क्लच. फरक एवढाच, की पेडल पायाखाली नसल्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. घाटातल्या रांगेत असं दहा मिनिटं केलं की कोरड्या क्लचला घाम फुटतो, जळका वास येतो.

इथं ब्रेक पूर्ण दाबून थांबायचं. ब्रेक दाबला की यंत्र क्लच उघडतं आणि त्याच्यावरचा भार जातो. आतेभावाचा सल्ला दाजींच्या गाडीला नडला असता तो इथं: ब्रेक अर्धवट सोडून सरकत राहिलं की क्लच सतत घासत राहतो. त्याऐवजी पुढं गाडीभर जागा होऊ द्यायची आणि मग एकदाच जायचं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यानं सिग्नलला दर वेळी एन मध्ये टाकायची गरज नाही. छोट्या थांब्याला डी आणि ब्रेक पुरे. प्रत्येक वेळी एन मधून डी मध्ये आणताना आतले क्लच पुन्हा पकडावे लागतात. लांब थांबा असेल, रेल्वे फाटक वगैरे, तर खुशाल एन आणि हँडब्रेक.

"घाट उतरताना न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचतं"

वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजचं इंजिन इंधन तोडतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहायला इंधन जाळावं लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना एम, एल किंवा पॅडल वापरून खालचा गिअर धरून ठेवा. यात मला वाद घालायचाच नाही, कारण इथं प्रश्न गिअरबॉक्सचा नाही, गाडीतल्या माणसांचा आहे.

"आयुष्यभराचं ऑइल आहे, बदलायचं नसतं"

सगळ्यात महाग पडणारा समज हाच, आणि तो अनेकदा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच मिळतो.

माझ्या स्वतःच्या जुन्या डिझेल एसयूव्हीची गोष्ट. टॉर्क कन्व्हर्टर, एक लाख दहा हजार किलोमीटर. सकाळी पहिल्यांदा डी मध्ये टाकली की सेकंदभर काहीच व्हायचं नाही, मग धाडकन झटका. एका सर्व्हिस सेंटरनं आत हातही न घालता गिअरबॉक्स बदलायला सांगितला. आकडा लाखांत होता. तिथून एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, ऑइल कधी बदललंय?"

मी म्हणालो, "याला बदलायचं नसतं म्हणाले."

"मग मला बघू द्या."

त्यांनी गाडीखालून ऑइलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर घेतले. शेजारी नव्या डब्यातलं तेल टाकलं. नवं लाल, डाळिंबाच्या रसासारखं. माझं तपकिरी, मधोमध काळसर ठिपका, आणि वास करपलेल्या फोडणीचा. कागद चोळून बोटाला काही लागतंय का ते पाहिलं. कचकच नव्हती. "धातू नाही अजून," ते म्हणाले. "वाचेल बहुतेक."

वाचला. पण त्यांनी घाई केली नाही. खालून बोल्ट काढला की सगळं तेल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून त्यांनी जेवढं निघालं तेवढं बदललं, काही दिवस गाडी चालवायला सांगितली, पुन्हा बदललं, असं तीनदा. मशीननं दाब देऊन धुवायला त्यांनी नकार दिला. "फ्लश केलं की गिअरबॉक्स जातो" हा समज इथूनच आला असावा, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये झिजलेल्या क्लचची भुकटी तेलात फिरत असते, साचलेली असते. दाबानं ती सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकते. वेळच्या वेळी तेल बदललेल्या गिअरबॉक्सला ही भीती कमी. दोष तेल बदलण्यात नाही, उशिरा बदलण्यात आहे.

'आयुष्यभर' म्हणजे कुणाचं आयुष्य? जगभरच्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदला असं सुचवते. पुस्तिकेत 'खडतर वापर' अशी वेगळी नोंदही अनेकदा असते: गर्दी, कडक ऊन, डोंगराळ रस्ते, धूळ, भार. पुण्या-मुंबईत राहून मे महिन्यात महाबळेश्वरला जाणाऱ्या माणसाचा वापर याहून वेगळा कुठे असतो?

तेल कुठलं, हेही तितकंच महत्त्वाचं. ऑटोमॅटिकचं तेल केवळ वंगण नव्हे. तेच दाब देऊन क्लच पकडतं, तेच उष्णता वाहून नेतं, आणि पकड किती घट्ट बसावी हेही त्याच्या रसायनावर ठरतं. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचं तेल, ओतलं तर पट्टा पुलीवर घसरून दोन्ही खराब होतात. रंगावर विसंबू नका. सीव्हीटीचं तेल हिरवं किंवा निळंही असतं. कोरड्या ड्युअल क्लचमध्ये गिअरचं तेल वेगळं, क्लच हलवणाऱ्या यंत्रणेचं वेगळं असू शकतं. बिलावर नुसतं 'गिअर ऑइल' लिहून घेऊ नका, तेलाचं नेमकं नाव लिहून घ्या. अनेक नव्या गाड्यांत तेल मोजायची पट्टीही नसते. ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून पातळी बघावी लागते. ज्याच्याकडे तापमान दाखवणारा स्कॅनर नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

"झटका बसला, म्हणजे गिअरबॉक्स गेला"

झटक्याची कारणं पुष्कळ. बॅटरी कमजोर झाली की व्होल्टेज पडतं आणि गिअरबॉक्सचा संगणक गोंधळतो. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, तेलाची वाट उघडणारा सोलेनॉइड, इंजिनचं फाटलेलं माउंटिंग, जुनं सॉफ्टवेअर, यांतलं काहीही असू शकतं. एएमटीची क्लचप्लेट बदलल्यावर नवी पकड कुठे बसते हे यंत्राला स्कॅनरनं शिकवावं लागतं. ते राहिलं की नव्या क्लचवरही गाडी हिसके देते.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून हळू चालायला लागली, तर बहुधा ती स्वतःला वाचवतेय. अशा वेळी स्कॅनरनं बिघाडाचा कोड वाचून घ्या. पी०७०० हा कोड फक्त 'गिअरबॉक्सच्या संगणकात नोंद आहे' एवढंच सांगतो. त्याच्या मागची नोंद खरी: पी०२१८ म्हणजे तेल तापलं, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक बसत नाही. नुसता पी०७०० दाखवून कुणी नवा गिअरबॉक्स घ्या म्हणत असेल, तर दुसरीकडे दाखवा.

उलट, एक खूण दिसली की एक किलोमीटरही चालवू नका. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या आतल्या नळीत थंड होतं. ती नळी फुटली की कूलंट तेलात मिसळतं आणि गुलाबी, दुधाळ रसायन तयार होतं. अमेरिकेत २००५ ते २०१० मधल्या निसान पाथफाइंडरच्या मालकांनी हे भोगलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पाणी लागलं की क्लचचं अस्तर सुटतं.

बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढू नका. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो; इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. फ्लॅटबेडच मागवा. धक्का मारूनही ती सुरू होणार नाही.

"वॉरंटी आहे, काळजी नाही"

वॉरंटीतून क्लचप्लेट बहुधा वगळलेली असते, कारण ती झिजणारी वस्तू धरतात. म्हणून तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्या: 'सकाळी थंड असताना डी मध्ये झटका', असं. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलं असेल, तर उद्या तुमच्या हातात काहीच नसतं. फोरमनला शेजारी बसवून तो झटका दाखवा. कोडची प्रिंट मागा, प्रत्येक बिल जपा.

तरीही दाद मिळाली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातो. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षं. "पुढच्या सर्व्हिसला बघू" या आश्वासनावर ती सहज निघून जाते.

जुनी ऑटोमॅटिक घ्यायला जाणार असाल, तर मालकाला आदल्या दिवशी सांगा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. बोनेटला हात लावून बघा, थंड हवा. मग ब्रेकवर पाय ठेवून पी मधून आर, आर मधून डी, आणि किती वेळानं पकडतेय ते मोजा. नंतर तीच गाडी अर्धा तास गर्दीत चालवा आणि चढावर थांबवून पुन्हा उचला. थंड असताना लपलेला दोष तेल गरम झाल्यावर बाहेर येतो.