शिशाच्या गोळ्यांसाठी पेटी

सकाळी साडेसात. आषाढात मुळशीतल्या कासार आंबोलीत पत्र्यावर पाऊस धडधडत असताना पहिलं काम म्हणजे लाकडाची ओल मोजणं. यंत्राच्या सुया सागाच्या फळीत टोचतो. आकडा १४ च्या वर गेला की ती फळी बाजूला. ओल्या लाकडाची चौकट उन्हाळ्यात आकसते, काचेशी फट पडते, आणि धूळ, दमट हवा, कसर सगळं आत शिरतं.

ही काचपेटी मुळशीतल्याच एका जुन्या घराण्यासाठी आहे. आत एक कट्यार, मूठभर शिशाच्या गोळ्या आणि मोडी कागद राहणार.

नऊ वाजता चौकट. खाच आणि कुसू, एकही खिळा नाही. पटाशीला धार असली की हे काम आपोआप पुढे सरकतं.

साडेअकरा. आता खरं काम. लाकूड मेल्यावरही आंबट वाफ सोडत राहतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. बंद पेटीत ती वाफ साठते आणि शिशावर पांढरी भुकटी चढते. गोळी हळूहळू खाल्ली जाते. ओक याबाबतीत फार वाईट, पण आपला लाडका सागही निर्दोष नाही. प्लायवुड आणि एमडीएफचा गोंद तर आणखी वेगळी वाफ सोडतो. म्हणून आतल्या प्रत्येक फळीवर प्लास्टिकच्या थरात दाबलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा इस्त्रीने चिकटवतो. सांधा उघडा राहिला तर सगळी मेहनत वाया, म्हणून कोपऱ्यांवर मी सर्वात जास्त वेळ घालवतो.

दुपारी दोन. घरच्या आजींचा फोन. "आत लाल मखमल लावा हो, शोभून दिसेल." मी म्हटलं, "आजी, रंग उतरला तर कागदांना लागेल. मांजरपाट लावतो, खळ पूर्ण धुऊन." त्यांना ते फिकं वाटलं, पण ऐकलं.

कापडाचा तुकडाही तपासूनच घ्यावा. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी आजही चालते: चांदी, तांबं, शिसं यांच्या चकचकीत पट्ट्या नमुन्यासोबत, थोड्या पाण्यासह, बंद नळीत ६० अंशांवर २८ दिवस. पट्टी काळवंडली किंवा पांढरी पडली, तर ते सामान नको. वस्तूंवर प्रयोग करण्यापेक्षा पट्ट्यांवर केलेला बरा. ही सगळी काळजी पाहणाऱ्याला मात्र दिसू नये. २०२४ च्या जुलैत लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली. पाहणाऱ्याची नजर वाघनखांवर खिळावी आणि काचपेटी ध्यानातही येऊ नये, हेच आमच्या कामाचं यश मी मानतो.

साडेचार. तळाशी सिलिका जेलचा वेगळा खण; बाहेरून उघडतो, त्यामुळे दाणे बदलताना वस्तूंना हात लागत नाही. काच लॅमिनेटेड: फुटली तरी तुकडे आतल्या पडद्याला धरून राहतात. आत दिवा नाही. मोडी कागदांना ५० लक्सहून जास्त उजेड सोसत नाही.

सहा वाजता पुन्हा आजी. "गणपतीत पाहुणे येतील. तोवर वस्तू ठेवता येतील ना?"

"पेटी पोचेल, पण पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत काही ठेवायचं नाही. गणपतीत रिकामीच दाखवा."

"रिकामी पेटी कोण बघतं?"

"मग कट्यारीचा मोठा फोटो काढून देतो," म्हटलं. तेवढ्यावर ठरलं.