चुलीपर्यंत वायफाय : घरातल्या प्रत्येक खोलीत नेट कसं पोचवाल?



घरात वायफाय बसलं की पहिले चार दिवस कौतुकाचे जातात. मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागते. पुढच्या खोलीत नेट धावतं, पोराच्या खोलीत चालतं, आणि स्वयंपाकघरात नुसतं गोल गोल फिरत राहतं. गटाची माहिती लोकोस ॲपवर भरायची तर ओट्यावर जाऊन बसायचं. संघाची व्हिडिओ बैठक लागली की गॅस बारीक करून अंगणात पळायचं. बिल मात्र दर महिन्याला पूर्ण भरायचं.

ही अडचण छोटी वाटते, पण तिचा खर्च आपल्याच माथी येतो. घरी नेट नीट चाललं नाही की आपण फोन घेऊन दुकानावर जातो. तिथे फोन दुसऱ्याच्या हातात देतो, आधार नंबर सांगतो आणि आलेला ओटीपीही मोठ्याने वाचून दाखवतो. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी किती जणींनी असं केलं, ते आठवून बघा. बँकेचं आणि आधारचं काम आपल्याच घरात, आपल्याच हाताने व्हावं, यासाठी आपण जिथे बसून काम करतो तिथे नेट पोचायला हवं.

बाजारात यावर ‘मेश वायफाय’ नावाचा उपाय मिळतो. तो चांगला आहे, पण स्वस्त नाही, आणि पुष्कळ घरांना त्याची गरजही पडत नाही. म्हणून आधी फुकटचे उपाय, मग थोड्या खर्चाचे आणि शेवटी मेश, अशा क्रमाने बघू.

आधी बघा : आडात आहे का?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वायफायचंही तसंच आहे. वायफायचा डबा, म्हणजे राउटर, नेट तयार करत नाही. वायरीतून जेवढं आलं तेवढंच तो घरात वाटतो.

राउटरपासून पाच-सहा पावलांवर उभं राहून फोनवर वेग तपासा. ‘स्पीड टेस्ट’ असं शोधलं की तपासणीचं पान मिळतं. तपासताना मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर सिमकार्डाचा वेग दिसेल. आलेला आकडा वहीत लिहा. मग स्वयंपाकघरात, मागच्या खोलीत, माडीवर जाऊन तेच करा.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. राउटरजवळ ३० आणि स्वयंपाकघरात २ येत असेल, तर नेट ठीक आहे, वाटपात अडलंय. हा लेख त्यासाठीच आहे. पण राउटरजवळच २ येत असेल तर मेश घेऊन काही उपयोग नाही. मग कनेक्शन देणाऱ्याकडे तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर घ्या. एक व्हिडिओ कॉल दोन-तीन एमबीपीएसमध्ये चालतो. त्यामुळे ३० किंवा ४० चा प्लॅन साध्या घराला पुरतो. “मोठा प्लॅन घ्या, स्वयंपाकघरातही येईल,” असं कुणी सांगितलं तर लगेच हो म्हणू नका.

लहरी कुठे अडतात?

वायफाय हवेतून लहरींनी जातं. लाकडी दार, पातळ विटेची भिंत, काच यांतून ते बऱ्यापैकी पार होतं. जाड भिंतीत ते दमतं आणि लोखंडाला तर आपटून मागे फिरतं. आपल्या चांदवड तालुक्यात घरं सगळ्या तऱ्हेची आहेत. जुन्या वाड्याची दगडाची किंवा पांढऱ्या मातीची हात-दीड हात रुंद भिंत आहे, नव्या बंगल्याचा सळयांचा स्लॅब आहे, आणि वस्तीवर पत्र्याच्या खोल्या आहेत. पत्र्याच्या भिंतीपलीकडे वायफाय जवळजवळ जातच नाही. स्लॅबमुळे खालचं नेट माडीवर अर्धमुर्धंच पोचतं.

स्वयंपाकघराचं आणखी एक आहे. स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी, फ्रीज, धान्याच्या कोठ्या आणि पाण्याचं पिंप, हे सगळं लहरी अडवणारं सामान तिथेच असतं. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असला की वायफाय अडखळतं तेही खरं आहे, कारण त्याच्या लहरी वायफायच्याच एका पट्ट्यातल्या असतात.

राउटरचे असे दोन पट्टे असतात. २.४ चा पट्टा लांब जातो, भिंतीतून बरा पार होतो, पण वेगाने कमी. ५ चा पट्टा वेगवान, पण पल्ला कमी. फोनमध्ये एकाच वायफायची दोन नावं दिसत असतील, आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ असेल, तर तो हा दुसरा पट्टा. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. लांबच्या खोलीत बसायचं असेल तर ‘५जी’ नसलेलं नाव निवडून बघा. काही घरांत एवढ्यानेच काम भागतं.

फुकटचा उपाय : डब्याची जागा

वायर जिथून घरात आली तिथेच बसवणारा माणूस राउटर टांगून जातो. ती जागा बहुधा पुढच्या खोलीत, टीव्हीमागे किंवा दाराच्या कोपऱ्यात असते. म्हणजे अर्ध्या लहरी रस्त्यावर जातात. डबा घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आणि उघड्यावर असावा. लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा आरशाशेजारी नको. घर दुमजली असेल तर जिन्याजवळची जागा चांगली.

नवीन कनेक्शन घेणार असाल तर जोडणीच्या दिवशी घरातल्या बाईने हजर राहावं आणि जागा तिने दाखवावी. “वायर आतपर्यंत आणा,” असं त्याच वेळी सांगितलं तर काम सोपं होतं. फायबरच्या वायरीत काचेचा धागा असतो. ती सुतळीसारखी दुमडू नका, खिळा ठोकून आवळू नका.

थोड्या खर्चाचा उपाय : वायर ओढून दुसरा डबा

जागा बदलूनही मागची खोली कोरडीच राहत असेल तर राउटरपासून तिथपर्यंत साधी लॅन वायर ओढा आणि तिथे दुसरा छोटा राउटर लावा. एका सलग लॅन वायरीला १०० मीटरची मर्यादा असते, घरासाठी ती भरपूर झाली. वायर मीटरवर मिळते. दुसरा राउटर साधारण हजार-दोन हजारांत येतो. त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावायला सांगा, म्हणजे दोन्ही डबे एकाच घराचे म्हणून चालतील. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच द्या. दिसायला हा उपाय साधा आहे, पण भरवशाचा आहे. वायरीतून आलेलं नेट भिंतीत अडत नाही.

मेश म्हणजे नेमकं काय?

शेताच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक पोचत नाही, तेव्हा मधल्या बांधावर एक जण उभा राहतो. तो ऐकतो आणि पुढे ओरडून सांगतो. मेशही तसंच चालतं. दोन किंवा तीन डब्यांचा संच असतो. पहिला डबा वायरीला जोडलेला, बाकीचे हवेतून त्याच्याशी बोलणारे. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही फोन घेऊन ओसरीतून स्वयंपाकघरात गेलात की जवळचा डबा तुम्हाला सांभाळून घेतो.

‘एक्स्टेंडर’ नावाचा स्वस्त डबाही मिळतो. तोही ऐकून पुढे सांगतो, पण बऱ्याचदा त्याचं नाव वेगळं राहतं आणि फोन जुन्या कमजोर नावालाच चिकटून बसतो. एकाच खोलीचा प्रश्न असेल तर तो चालेल. मेशच्या दोन डब्यांच्या साध्या संचाला साधारण चार-पाच हजार आणि पुढे मोजावे लागतात. दुकानागणिक भाव बदलतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा, पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या.

मेशमध्ये लोक एक गोष्ट हमखास उलटी करतात. जिथे नेट येत नाही तिथेच दुसरा डबा ठेवतात. बांधावरच्या माणसालाच हाक ऐकू आली नाही तर तो पुढे काय सांगणार? म्हणून दुसरा डबा मध्यावर ठेवा, जिथे नेट अजून चांगलं येतंय तिथे. तसंच, हवेतून बोलणारा डबा ऐकायला आणि सांगायला तोच पट्टा वापरत असेल तर वेग जवळपास अर्धा होतो. म्हणून शक्य असेल तिथे मेशचे डबेही आपसांत वायरीने जोडा.

मेश लावायच्या पायऱ्या

१. पहिला डबा जुन्या राउटरला लॅन वायरीने जोडा आणि चालू करा.

२. संचासोबत दिलेलं ॲप फोनवर घ्या. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा.

३. ॲप सांगेल तसं वायफायचं नाव आणि नवा पासवर्ड द्या.

४. दुसरा डबा आधी पहिल्याजवळच जोडा. जुळला की बंद करून मधल्या जागी नेऊन लावा. दिव्याचा रंग बघा. जोड कमजोर असेल तर बहुतेक डब्यांचा दिवा तांबडा किंवा पिवळा होतो. मग डबा थोडा अलीकडे आणा.

५. जुन्या राउटरचं वायफाय बंद करा, पण राउटर बंद करू नका. नाहीतर दोन नावांत फोन गोंधळतो.

६. वहीतल्या त्याच जागांवर पुन्हा वेग तपासा. फरक पडला नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत दुकानदाराला सांगा.

लाइट गेली तर?

राउटर विजेवर चालतो. लाइट गेली की वायफाय जातं, मेश असेल तर सगळेच डबे जातात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास निभावून नेतो. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवा, बहुतेकांवर १२ असतो. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. घरापासून लांबच्या कांदाचाळीपर्यंत किंवा गोठ्यापर्यंत नेट न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची लॅन वायर ओढू नका. फायबर ओढणं किंवा बाहेर लावायचे समोरासमोरचे वायरलेस डबे बसवणं, हे जाणकाराकडून करून घ्या.

आणखी एक. वायफाय असलं तरी ओटीपीचा मेसेज मोबाइलच्या रेंजवर येतो. डोंगराच्या आडच्या वस्तीवर रेंज नसेल तर फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करून बघा. कॉल लागायला मदत होते, पण ओटीपी प्रत्येक फोनवर त्याने येईलच असं नाही.

पासवर्ड कुणाकडे?

डब्यावर छापलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. नवा, लांब ठेवा आणि घरातल्या वहीत लिहा. तो फक्त मुलाच्या डोक्यात असेल तर तो नाशिकला गेला की सगळं अडतं. ॲप तुमच्याही फोनवर असू द्या. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय देता येतं, ते वापरा. आपल्या वायफायवरून कुणी गैरप्रकार केला तर विचारणा कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे होते.

घरापलीकडे : गावाची हाक

ऐकून पुढे सांगायची हीच युक्ती गावासाठीही वापरतात. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरींवरून नेट पोचवून दाखवलं. या लहरी लांब जातात आणि झाडाझुडपांतून पार होतात. गावात आल्यावर पुढचं वाटप साध्या वायफायने. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेचं बक्षीस मिळालं. ग्रामपंचायती फायबरने जोडायचं काम तर २०११ मध्येच मंजूर झालं, त्यालाच आज भारतनेट म्हणतात.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान, चहाची टपरी यांनाही सार्वजनिक वायफाय देता येतं. त्यासाठी दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही. ज्या गटाचं वडाळीभोई, वडनेरभैरवसारख्या बाजाराच्या गावात दुकान आहे, त्यांनी या योजनेची चौकशी जरूर करावी. घरचं कनेक्शन मात्र पैसे घेऊन शेजाऱ्यांना वाटू नका, घरगुती कनेक्शन त्यासाठी नसतं.

पुढच्या बैठकीआधी एवढं करा

घरातल्या चार जागांवर वेग तपासून आकडे वहीत लिहून आणा. राउटर कुठे टांगलाय आणि तुम्ही काम कुठे बसून करता, तेही लिहा. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्यांचे आकडे शेजारी ठेवले की कुणाचं काम डबा हलवून भागेल, कुणाला वायर लागेल आणि कुणाला खरंच मेश घ्यावं लागेल, ते लगेच कळेल. एवढं झाल्याशिवाय मेशसाठी गटातून कर्ज काढू नका. आणि डबा हलवायचा ठरला, तर तो तुमच्या कामाच्या जागेकडे सरकवा.