खेळाडूची मुद्रा आणि प्रेक्षकांचा न्याय

खेळाडूच्या हातून चेंडू निसटला, तर तें सर्वांस दिसतें; परंतु त्याच्या मनांत खेळाविषयीं आस्था आहे कीं नाहीं, हें कोणाच्याहि डोळ्यांस दिसत नाहीं. असें असूनहि प्रेक्षक पहिल्या गोष्टीपेक्षां दुसरीविषयींच अधिक कठोर निवाडा देतात. अमेरिकेंतील शिकागो शहराच्या बेअर्स संघाचा खेळाडू जे कटलर याची हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा खेळ होय. त्याचा चेंडू लांबट असून तो बहुधा हातांनींच खेळला जातो. प्रत्येक बाजूस ११ गडी असतात. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढें सरकावयाचें, हें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं ज्याच्या हातीं बहुधा चेंडू येतो, त्या गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू फेकावा, सोबत्याच्या हातीं द्यावा, कीं आपणच घेऊन धांवावें, हें त्यास कांहीं क्षणांत ठरवावें लागतें. आणि तेवढ्यांतच धिप्पाड प्रतिपक्षी त्याच्यावर तुटून पडतात. म्हणूनच जयाचें श्रेय व पराजयाचा दोष हीं दोन्हीं त्याच्याच पदरीं पडतात.

२३ जानेवारी २०११ रोजीं शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर बेअर्स व ग्रीन बे येथील पॅकर्स यांचा सामना झाला. या संघांची चुरस १९२१ पासूनची. आणि या वेळीं जिंकणारा संघ अंतिम सामन्यास जाणार होता. पूर्वार्धांत कटलरचा गुडघा दुखावला. उत्तरार्धाच्या आरंभीं तो पुनः उतरला, परंतु लौकरच बाहेर आला तो आलाच. त्याच्या जागीं शेवटीं आलेल्या केलेब हॅनीनें नेटानें झुंज दिली. तथापि बेअर्सची १४ विरुद्ध २१ अशी हार झाली.

दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यानें कटलर मैदानाच्या कडेला निर्विकार चेहऱ्यानें उभा असलेला दाखविला. तेवढ्यावरून 'याला खेळाची पर्वा नाहीं' असा बोभाटा झाला. कांहीं चाहत्यांनीं त्याच्या नांवाचे सदरे जाळले. इतर संघांतील कांहीं खेळाडूंनींहि इंटरनेटवरून त्यास टोमणे मारले. २००८ सालीं फिलिप रिव्हर्स हा गुडघ्याचा अस्थिबंध तुटला असतांहि असाच महत्त्वाचा सामना खेळला होता; त्याचा दाखलाहि पुढें करण्यांत आला.

दुसऱ्या दिवशींच्या तपासणींत कटलरच्या गुडघ्याच्या आंतील बाजूचा अस्थिबंध खरोखरच दुखावलेला आढळला. अशा दुखापतींत माणूस सरळ उभा राहूं शकतो, चालूंहि शकतो. मात्र पाय रोवून अंग वळवितांना गुडघा दगा देतो. आणि चेंडू फेकणाऱ्यास तर नेमकें हेंच करावें लागतें! तेव्हां त्याचें उभें राहणें हा धडधाकटपणाचा पुरावा नव्हता. 'ज्याचें जळतें त्यालाच कळतें' ही म्हण येथें आठवते.

याच कटलरला २००८ सालीं मधुमेह जडल्याचें कळलें होतें. इन्शुलिन घेत तो खेळत राहिला. २०१० च्या हंगामांत प्रतिपक्षानें त्यास चेंडूसह ५२ वेळां खालीं लोळविलें. एका सामन्यांत डोक्यास मार बसला, तरी पुढें तो पुनः उभा राहिला. इतकें सोसणाऱ्यास भित्रा कसें म्हणावें?

तथापि चाहत्यांचा राग सर्वस्वीं निराधार होता, असेंहि नाहीं. कटलर वार्ताहरांशीं तुटकपणें बोले. २००९ च्या हंगामांत त्याचे २६ फेक प्रतिपक्षानें झेलले होते. अशा चुकांवर टीका करण्याचा प्रेक्षकांस पूर्ण अधिकार आहे, कारण चूक मोजतां येते. परंतु मनाचें माप चेहऱ्यावरून घेतां येत नाहीं. कोणाचें दुःख आरडाओरडीनें बाहेर पडतें, तर कोणाचें ओठ मिटून आंत राहतें. दुसऱ्याचें दुःख पहिल्याहून कमी असतें असें नव्हे.

कटलर पुढें २०१६ पर्यंत शिकागोकडूनच खेळला. फेकींच्या बळावर त्यानें मिळविलेले २३,४४३ यार्ड हा त्या संघाचा तोंपर्यंतचा उच्चांक ठरला. त्याची मुद्रा मात्र अखेरपर्यंत तशीच निर्विकार राहिली. खेळाडूच्या कृतीचा न्याय प्रेक्षकांनीं अवश्य करावा. पण त्याच्या अंतःकरणाचा निवाडा देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, हेंच उचित होय.