भरवशाचा गडी की झेपेचा गडी?

शाळेचा बारा जणांचा कबड्डी संघ निवडायचा असतो तेव्हा पहिली आठ-नऊ नावे गुरुजी डोळे मिटून लिहितात. त्यांत वाद नसतो; ती गावालाही ठाऊक असतात. खरी पंचाईत होते ती शेवटच्या दोन-तीन नावांशी. एक मुलगा असतो रोज वेळेवर येणारा, सांगितलेली जागा न सोडणारा, पकडीत साखळी न तोडणारा. त्याच्या हातून चमत्कार व्हायचा नाही, पण घातही व्हायचा नाही. दुसरा असतो तो चार चढायांत तीनदा बाद होतो, आणि चौथ्या चढाईत तीन गडी मारून मध्यरेषेला हात लावतो. जागा एकच. आता कोणाला घ्यावे?

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे शेती करतात त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. शनिशिंगणापूरच्या आसपासचे शिवार पाहा. सोनईचा मुळा साखर कारखाना हाकेच्या अंतरावर, म्हणून ऊस हे तिथले भरवशाचे पीक. तोड उशिरा आली, वजन थोडे घटले, तरी ऊस जातोच. कांद्याचे तसे नाही. कांद्याने एका वर्षी घर बांधून दिले आणि दुसऱ्या वर्षी मोटारभाडेही निघू दिले नाही, अशी उदाहरणे गावोगाव सापडतील. मग शहाणा शेतकरी काय करतो? सगळ्या रानात कांदा लावत नाही, आणि कांद्याला कायमचा रामरामही ठोकत नाही. किती रानात लावायचा, कोणत्या रानात, आणि बुडाला तर वर्ष निघेल काय, एवढे तीन प्रश्न तो मनाशी विचारतो. संघ निवडतानाही हेच तीन प्रश्न विचारायचे असतात.

शिंगणापूर म्हटले की तुम्हाला बिनदाराची घरं आठवणारच. श्रद्धेचा भाग आपण बाजूला ठेवू. पण २०११ साली युको बँकेने या गावात शाखा काढली आणि ती बिनकुलपाची बँक म्हणून देशभर गाजली, तेव्हा बँकेने नोटा काही मेजावर मांडून ठेवल्या नाहीत. दाराचे कुलूप तेवढे सोडले, रोकड सांभाळण्याची सोय केलीच. धोका पत्करायचा तो कुठे, हे आधी ठरवून.

हा हिशेब परदेशात फार मोठ्या प्रमाणावर मांडला गेला आहे. कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात. पायांत पाते लावलेले बूट, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये १९६३ सालापासून नव्या पोरांची वाटणी संघासंघांत पाळीपाळीने होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. मागल्या हंगामात जे संघ तळाशी राहिले त्यांना आधी निवडण्याची संधी, म्हणजे दुबळा कायमचा दुबळा राहू नये. मुले साधारण अठरा वर्षांची. पुढे कोण कसा निघेल याचा अंदाजच करायचा. १९९३ साली ओटावा संघाने पहिल्याच पाळीला अलेक्झांद्र देग याला घेतले. केवढा गाजावाजा झाला होता त्याचा! आणि निघाला तो अपेक्षेच्या मानाने अगदी फिका. उलट डेट्रॉइट संघाने १९९८ साली १७१ व्या क्रमांकाला पावेल दात्स्युक आणि १९९९ साली २१० व्या क्रमांकाला हेन्रिक झेटरबर्ग ही नावे उचलली. इतक्या उशिरा, की तोवर बाकीच्यांनी दोघांनाही कितीतरी वेळा ओलांडले होते. याच दोघांनी पुढे डेट्रॉइटला २००८ सालचा स्टॅनले चषक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला.

यावरून तिकडे एक विचार रूढ झाला. शेवटच्या पाळ्यांत भरवशाचा, मध्यम गडी घेऊन उपयोग काय? तसा गडी पुढे केव्हाही, थोड्या पैशांत, बाजारात मिळतो. मग तिथे असाच मुलगा घ्या की जो बुडाला तर फक्त एक पाळी बुडेल, आणि तरला तर सोने होईल. विचार चांगला आहे, पण त्यात एक खोच आहे. दात्स्युक आणि झेटरबर्ग आपल्याला आठवतात. त्या क्रमांकांवर निवडलेले आणि पुढे कुठे गेले याचा पत्ता नसलेले शेकडो जण आपल्याला आठवत नाहीत. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापून येतो. न लागलेल्यांचा येत नाही.

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे येऊ. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हुतूतू खेळणाऱ्या पोरांचा जाहीर लिलाव होऊ लागला. पहिल्या वर्षीची सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर, १२ लाख ८० हजार रुपये. नऊ वर्षांनी, २०२३ च्या लिलावात, तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूला २ कोटी ६०.५ लाखांना घेतले. संघाची एकूण थैली होती ५ कोटींची. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा एकाच माणसावर! पवन नावाजलेलाच गडी, आणि खेळलाही तो नावाला साजेसा. तरी टायटन्सने २२ पैकी जेमतेम २ सामने जिंकले आणि संघ तळाला गेला. एक जण चढाई करून येतो. पण तो बाहेर बसतो तेव्हा त्याला परत उठवायला बाकीच्या सहांना पकडी कराव्या लागतात, गुण आणावे लागतात. त्याच पवनला आदल्या वर्षी तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले होते, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो सारा हंगाम बाहेर बसला. जोखीम फक्त कच्च्या मुलांतच असते असे कोणी समजू नये.

तुम्ही म्हणाल, मग महाग गडी घेऊच नये की काय? तसेही नाही. त्याच २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शाडलूला २ कोटी ३५ लाख दिले. ही रक्कमही थैलीच्या निम्म्याच्या घरातली. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पुण्याने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. मग फरक कुठे पडला?

फरक पडला तो बाकीच्या गड्यांत, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. त्या विजयी संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. शिंगणापूरहून फार लांब नाही ते गाव. मोठी बोली लावून आणलेला गडी नव्हे तो. पुणेरी पलटणने नवख्या मुलांना हाताशी धरून शिकवण्याचा उद्योग चालवला होता; त्यातून अस्लम आणि हरियाणाचा मोहित गोयत हे २०२१–२२ च्या हंगामात वरच्या संघात आले. नवख्यांसाठी लीगमध्ये वेगळी तरतूद आहे, त्यामुळे असे मुलगे थोड्या मोलात मिळतात. चार मुलगे घ्या, दोन निघाले नाहीत तरी थैलीला भोक पडत नाही. निघाले ते दोन मात्र कोटीचे काम करतात, आणि वाचलेल्या कोटीत एखादा शाडलू आणता येतो. पुढच्याच हंगामात, २०२२ च्या डिसेंबरात, पुणे अंतिम सामन्याला पोचले, पण दुखापतींमुळे हे दोघेही त्या सामन्यात नव्हते, आणि जयपूरने बाजी मारली. स्वस्तात आलेले दोन मुलगे एवढे महागाचे ठरले होते. २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले, त्या संघातही अस्लम होता.

तसाच कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. तोवर या लीगमध्ये तो एकही सामना खेळला नव्हता. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी त्याचे मोल १ कोटी ४५ लाखांवर गेले. मग २०२१–२२ च्या हंगामात दुखापतीने तो बहुतेक सामन्यांना मुकला. कांद्याचा भाव तरी दुसरे काय करतो!

पण केवळ पैशाच्या हिशेबाने हा प्रश्न सुटत नाही. खेळ कोणता आणि जागा कोणती, हे त्याहून महत्त्वाचे. माझे स्वतःचे मत विचाराल तर बहुतेक गुरुजी इथेच गल्लत करतात. चढाईपटू हा एकटा जातो, एकटा येतो. तो बाद झाला तर एक गुण जातो. साधला तर एकदम दोन-तीन येतात. म्हणून झेपेचा मुलगा घ्यायचा तर तो चढाईला घ्यावा. कोपरारक्षकाचे तसे नाही. त्याने उतावीळपणे पाय धरायला झेप घेतली की शेजारच्या मध्यरक्षकाची साखळी तुटते आणि एकाच्या चुकीने तिघे बाद होतात. तिथे भरवशाचाच गडी हवा. खो-खोत तर हे अधिकच खरे. आठ जण पाटीत बसलेले, एक धावणारा. एकाने घाईने चुकीचा खो दिला की साऱ्यांची धाव वाया. २०२२ साली पुण्यात अल्टिमेट खो-खो भरली तेव्हा खेळाडूंची वाटणी लिलावाने नव्हे, त्या बर्फाच्या हॉकीसारखी पाळीने झाली होती. खेळाडूंच्या चार प्रती ठरवलेल्या, वरच्या प्रतीला ५ लाख, खालच्या प्रतीला १ लाख. अंतिम सामना ओडिशाने तेलुगू संघावर ४६–४५ असा एका गुणाने मारला. एका गुणाच्या सामन्यात पाटीतल्या प्रत्येकाचे मोल सारखेच होऊन बसते.

आता शाळेच्या मैदानावर परत येऊ. लीगचा मालक आणि शाळेचा गुरुजी यांत एक मोठा भेद आहे. मालकाने गडी सोडला तर तो दुसऱ्या संघात जातो. गुरुजींनी तेराव्या वर्षी मुलगा वगळला तर तो बहुधा कुठेच जात नाही. मैदानच सोडतो. आणि संघातली जागा म्हणजे नुसता खेळ नव्हे, हे पालकही जाणतात. वरच्या स्पर्धांपर्यंत पोचणाऱ्या मुलांना दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्या बाराव्या नावावर कधीकधी एका घराचे दिवस फिरतात.

म्हणून मुलात दिसते ते नीट तपासून पाहावे. चौदा वर्षांखालच्या गटात जो मुलगा सगळ्यांना भारी पडतो तो पुष्कळदा नुसता लवकर वाढलेला असतो. मिसरूड फुटलेल्या मुलापुढे बाकीची पोरं चिमणीसारखी उडतात. सतराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात आणि याची सारी मजा संपते. कॅनडात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवून दिले की वरच्या हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा फार असतो. कारण साधेच. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, आणि जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो. निवडणारे त्या वर्षालाच गुण समजतात. (आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला पडतो, त्यामुळे असला अभ्यास करायला निघालेला शास्त्रज्ञ वेडा व्हायचा.) तेव्हा मोठ्या अंगाच्या मुलाला भरवशाचा आणि लहान चणीच्या चपळ मुलाला जोखमीचा म्हणण्यापूर्वी दोघांची वये आणि त्यांच्या आईबापांची उंची पाहावी.

दुसरी गोष्ट. ‘बेभरवशाचा’ हा शब्द जपून वापरावा. सरावाला दांडी मारणारा मुलगा आळशीच असतो असे नाही. पाथर्डी-शेवगावकडची, बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघाली की मुलगाही कोयत्यामागे जातो. कोणाला सकाळी गोठ्याचे काम असते, कोणाची शेवटची एसटी साडेपाचला असते. सराव अर्धा तास अलीकडे घेतल्याने जो मुलगा भरवशाचा होतो, तो मुळात जोखमीचा नव्हताच. तापटपणा, पंचाशी हुज्जत, हाही शिकवून कमी होतो. पण दुखऱ्या गुडघ्यावर किंवा खांद्यावर कधीही पैज लावू नये. तिथे गुरुजी आपले काही लावत नाहीत, मुलाचे शरीर लावतात.

एवढे पाहिल्यावर माझी मांडणी अशी आहे. बारातले नऊ-दहा जागेजागेचे, भरवशाचे असावेत. कोपरे आणि मध्यरक्षक त्यांतूनच घ्यावेत. उरलेल्या दोन-तीन जागा झेपेच्या मुलांना द्याव्यात, तिसऱ्या भरवशाच्या राखीव मध्यरक्षकाला नव्हे. तसा मध्यरक्षक वर्गात आणखी एक सापडेलच. मुलींच्या संघालाही हाच हिशेब लागू. मात्र ज्याला घेतले त्याला नुसता बाकावर बसवून ठेवू नये. सामना हातात आला, पंधरा गुणांची आघाडी झाली, की शेवटची पाच मिनिटे त्याच्या चढाया होऊ द्याव्यात. सामना हातचा गेला असेल तरीही तेच करावे.

निवडचाचणी एका दिवशी उरकू नये. तीन आठवडे वही ठेवावी आणि रोज प्रत्येक मुलापुढे दोनच गोष्टी टिपाव्यात : आज किती चुका झाल्या, आणि काल येत नव्हते असे आज काय आले. पहिल्या रकान्यावरून भरवशाचे गडी ठरवावेत, दुसऱ्यावरून झेपेचे. आणि यादी फळ्यावर लावण्यापूर्वी, ज्या मुलाचे नाव तेरावे आले त्याला बाजूला बोलावून कोणत्या रकान्यात तो कमी पडला आणि पुढची चाचणी केव्हा आहे, हे गुरुजींनी स्वतःच्या तोंडाने सांगावे.