फोन वाढतोय, खोकं आटतंय

सरळ त्रैराशिक मांडू. २००७ च्या पहिल्या आयफोनची स्क्रीन ३.५ इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकी मोजायची बरं का). २०२४ च्या आयफोन १६ प्रो मॅक्सची ६.९. म्हणजे १७ वर्षांत ३.४ इंच, वर्षाला ०.२. ह्याच चालीने २१५० च्या सुमारास फोन ३२ इंची, हॉलमधल्या टीव्हीएवढा! तेव्हा शिंपी विचारेल, "खिशाचं कापड वेगळं आणलंय ना?" शेअर रिक्षात फोनची सीट अर्थातच वेगळी.

खोक्याचं मात्र उलटं. २०१६ मध्ये हेडफोन जॅक गेला, २०२० मध्ये खोक्यातला चार्जर, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मॉडेलमधून सिमचा ट्रे. पुढचा नंबर बहुधा फोनचाच. घरी रिकामं खोकं येईल, हप्ते चोवीसच.