आधी अंधार, मग प्रोजेक्टर

जत्रेतल्या तंबूत सिनेमा दिवेलागणीच्या आधी सुरू होत नसे. दुपारपासून कर्ण्यावर गाणी वाजत, तिकिटे फाटत, मुले कनातीखालून आत डोकावत. पण पडद्यावर चित्र उमटायचे ते सूर्य पुरता बुडाल्यावरच. कापडातून झिरपणारा उजेड चित्र खाऊन टाकतो, हे टुरिंग टॉकीजवाल्यांना अनुभवाने पक्के ठाऊक होते. आज दहा-पंधरा हजार रुपयांत टीव्हीऐवजी प्रोजेक्टर घरी आणताना नेमकी हीच गोष्ट आपल्या हिशेबात नसते.

गेल्या दिवाळीत चिंचवडला आत्याकडे हे प्रत्यक्ष पाहिले. आतेभावाने टीव्ही आतल्या खोलीत हलवला आणि हॉलच्या भिंतीसमोर नवा प्रोजेक्टर मांडला. खोक्यावर ठळक अक्षरांत ९००० लुमेन. दुपारचे चार वाजले होते, बाल्कनीचे दार उघडे होते. भिंतीवर काहीतरी हलत होते, एवढेच. आत्या म्हणाली, "अरे, हे धुक्यातून बघितल्यासारखं दिसतंय." रात्री जेवणे उरकल्यावर दिवे घालवून तोच सिनेमा पुन्हा लावला. यंत्र तेच, भिंत तीच. पण आता नायिकेच्या साडीचा काठसुद्धा स्पष्ट दिसू लागला आणि घरातले सगळे गप्प होऊन बघत बसले.

या फरकाचे कारण एका वाक्यात सांगता येते. प्रोजेक्टर भिंतीवर पांढरा, लाल, निळा प्रकाश टाकू शकतो, काळा टाकू शकत नाही. काळा प्रकाश अशी वस्तूच नाही. चित्रातला नायकाचा काळा कोट म्हणजे भिंतीचा असा तुकडा, जिथे प्रोजेक्टरने जवळजवळ काहीच पाठवलेले नाही. तिथे खोलीतला जो काही उजेड पडलेला असेल, तोच त्या चित्रातला सर्वांत गडद काळा. जादूच्या कंदिलाच्या काळापासून हे असेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' नावाने असे खेळ करत. त्या काळी कंदिलात घालायच्या चित्रांच्या काचांवर आकृतीभोवतीची जागा बहुधा काळ्या रंगाने भरलेली असे. प्रकाश अडवणे हाच काळा रंग मिळवण्याचा मार्ग होता, आणि आजही तोच आहे.

आता खोक्यावरच्या ९००० या आकड्याकडे वळू. घरातली २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन प्रकाश देते, म्हणजे दर वॅटला शंभर. ९००० लुमेन म्हणजे साडेचार ट्यूबलाइटचा उजेड एका चिमुकल्या भिंगातून. आतेभावाच्या यंत्राचा ॲडॉप्टर उलटा करून पाहिला, तर त्यावर ६५ वॅट लिहिलेले. पंखा, स्पीकर आणि आतला संगणक यांना काहीच लागत नाही असे धरले, तरी ट्यूबच्या हिशेबाने ६५०० लुमेनच्या वर जाता येत नाही.

शिवाय हा सगळा प्रकाश भिंतीपर्यंत पोहोचतही नाही. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये बहुधा एकच एलसीडी पट्टी असते, मोबाइलच्या पडद्यासारखी. एलसीडीला एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश लागतो, म्हणून ध्रुवण-गाळणी निम्मा प्रकाश तिथेच शोषून घेते. पुढे प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. लाल भाग फक्त लाल रंग सोडतो, बाकीचे दोन अडवतो, म्हणजे उरलेल्यातला सुमारे दोनतृतीयांश प्रकाश गेला. ६५०० चे झाले हजारभर. ठिपक्यांमधल्या जाळीवर काही अडतो, भिंगाबाहेर काही सांडतो. प्रत्यक्ष भिंतीवर काहीशे लुमेन उतरतात. गाळण्यांनी अडवलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि ती बाहेर काढण्यासाठीच पंखा सतत घोंघावत असतो.

म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडून 'अँसी लुमेन' किंवा 'आयएसओ लुमेन' शोधावे. ही मोजणी पडद्यावर होते: पांढऱ्या चित्राचे नऊ समान चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर प्रकाश मोजायचा, सरासरी काढून पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे. कोपरे अंधारे असतील तर तेही यात पकडले जातात. परवडणाऱ्या यंत्रांत हा आकडा साधारण दीडशे ते पाचशेच्या घरात असतो. जो विक्रेता हा आकडा सांगतच नाही, त्याच्याकडून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीनशे लुमेन ऐकून मन खट्टू होऊ देऊ नका. ८० इंची चित्र म्हणजे सुमारे १.७७ मीटर रुंद आणि १ मीटर उंच. तीनशे लुमेन त्यावर पसरले की दर चौरस मीटरला १७० लुमेन, म्हणजेच १७० लक्स. साध्या पांढऱ्या पृष्ठभागावरून डोळ्यापर्यंत येणारी तेजस्विता काढायला याला पाय, म्हणजे ३.१४, या संख्येने भागायचे. उत्तर येते ५४ निट. चित्रपटगृहांतल्या डिजिटल पडद्यासाठी ठरवलेले प्रमाण आहे ४८ निट! टीव्ही २५०-३०० निटपर्यंत सहज जातो, कारण त्याला दिवसाउजेडाशी झुंजायचे असते. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला एवढ्या तेजाची गरज पडत नाही.

तेच चित्र हौसेने १२० इंची केले, तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि तेजस्विता २४ निटवर येते. त्यामुळे आकार भिंतीच्या मापाने ठरवू नये, लुमेनच्या मापाने ठरवावा.

खोलीतला दिवा काय करतो, तेही पाहू. ट्यूब लावली की भिंतीवर शंभर लक्सच्या आसपास उजेड पडतो. मग चित्रातला पांढरा झाला १७० अधिक १००, म्हणजे २७०, आणि काळा झाला १००. अंधारात शेकड्यांनी असलेले गुणोत्तर पावणेतीनवर येते. तुमच्या हातातल्या या पानावर शाई आणि कागद यांच्यातला फरकसुद्धा याहून जास्त आहे. यावर दुप्पट लुमेनचे यंत्र घेतले तरी गुणोत्तर साडेचारच्या पुढे जात नाही. उलट ट्यूब घालवून आणि खिडकीचे जाड पडदे ओढून उजेड शंभर लक्सवरून एक लक्सवर आणला, तर तेच स्वस्त यंत्र एकदम खुलते. पैसा आधी कुठे घालायचा, हे या गणितातच आले: खिडकीला दुहेरी, काळ्या अस्तराचा पडदा, दाराच्या फटीला कापडाची गुंडाळी, सोसायटीच्या आवारातला दिवा थेट आत येत असेल तर त्या बाजूला झापड.

एक गोष्ट मात्र अंधार केल्यावरच लक्षात येते. चित्राचा प्रकाश पांढऱ्या छतावर आणि बाजूच्या भिंतींवर पडतो आणि तिथून परतून पुन्हा चित्रावर येतो. चित्रपटगृहांच्या आतल्या भिंती गडद असतात त्या यासाठी. घरी सगळा हॉल काळा रंगवायला कोणी तयार होणार नाही, पण चित्राच्या दोन्ही बाजूंना गडद पडदे सोडले तरी फरक दिसतो. चित्र पडते ती भिंत सपाट आणि मॅट पांढऱ्या रंगाची असेल, तर सुरुवातीला वेगळा स्क्रीन घेण्याची घाई नको.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. नऊ फुटांवरून ४३ इंची टीव्ही आपल्या दृष्टीचा सुमारे २० अंशांचा पट्टा व्यापतो. त्याच अंतरावरून ८० इंची चित्र ३६ अंश व्यापते. दृश्यात आपण शिरलो आहोत असे वाटायला साधारण ३० अंश लागतात, असे सिनेमातंत्रात मानतात. सिनेमा आपल्याला आत ओढून घेतो तो या अंशांमुळे, आणि या पैशात हे अंश देणारा मोठा टीव्ही मिळत नाही.

चित्र मोठे झाले की ठिपकेही मोठे होतात. निरोगी डोळा एका अंशात साठेक ठिपके वेगळे ओळखतो. आडवे १९२० ठिपके ३६ अंशांत पसरले की अंशाला ५३ पडतात, ते चालते. १२८० असतील तर ३६ पडतात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. तेव्हा यंत्राचे स्वतःचे, म्हणजे 'नेटिव्ह' रेझोल्यूशन १०८० पी आहे ना, एवढे विचारा. 'फोर-के सपोर्ट' याचा अर्थ ते यंत्र फोर-के सिग्नल स्वीकारते इतकाच. दाखवताना ते आपल्या ठिपक्यांतच दाखवते. यंत्र शक्यतो भिंतीसमोर सरळ ठेवा. तिरके ठेवून 'कीस्टोन'ने चित्र चौकोनी केले, तर काही ठिपके वाया जातात. आवाजासाठी घरातला जुना स्पीकर तारेने जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असे पुष्कळदा होते.

परावर्तित प्रकाश डोळ्यांना सुरक्षित, ही जाहिरात मात्र मला पटत नाही. भिंतीवरून आलेला प्रकाश आणि टीव्हीतून आलेला प्रकाश यांत डोळ्याला भेद करता येत नाही. डोळ्यांना बरे वाटते ते तेज कमी आणि अंतर जास्त असल्यामुळे, आणि ते टीव्हीचे तेज कमी करून, थोडे मागे बसूनही साधते.

घरात सकाळच्या बातम्या, दुपारच्या मालिका आणि दिवसाचे क्रिकेट चालत असेल, तर टीव्ही काढू नका. आत्याकडेही तो आतल्या खोलीत तसाच ठेवला आहे. पण रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असेल, तर पंधरा हजारांच्या आतला प्रोजेक्टर हे काम नीट करतो. घेण्यापूर्वी एक करून पाहा. आज रात्री साडेनऊला हॉलमधले सगळे दिवे घालवा, पडदे ओढा आणि लगेच ही पुरवणी त्या भिंतीजवळ धरा. मथळे वाचता आले, तर आधी पडदेवाल्याकडे जा.