आशय व्यवस्थापन, अंकीय

व्यवसायसंस्थेकडील मजकूर, आकडे, छायाचित्रे, चलचित्रे, दरपत्रके, करार, बिले इ. संगणकीय स्वरूपातील सामग्री तयार करणे, तिचे वर्गीकरण करणे, ती तपासून प्रसृत करणे, जतन करणे व मुदत संपल्यावर काढून टाकणे, या क्रियांच्या नियोजनबद्ध पद्धतीस ‘अंकीय आशय व्यवस्थापन’ म्हणतात. केवळ साठवण हा तिचा हेतू नसतो. हवी ती माहिती वेळेवर सापडावी, तिची अधिकृत प्रत एकच असावी आणि तिच्या अचूकपणाची जबाबदारी कोणावर हे निश्चित असावे, ही तिची प्रमुख उद्दिष्टे होत.

जुन्या पेढ्यांवर एकच व्यवहार रोजकीर्दीत तारखेनुसार आणि खतावणीत खात्यानुसार असा दोनदा लिहिला जाई. संगणकीय पद्धतीत नोंद एकदाच केली जाते. मात्र तिचे घटक सुटे ठेवल्यास ती तारीख, खाते, माल वा गाव यांपैकी कोणत्याही क्रमाने मांडता येते. आशय आणि त्याची मांडणी यांची अशी फारकत करणे हे आधुनिक आशय व्यवस्थापनाचे मूलतत्त्व आहे.

विकास : मजकुराचा भाग कसा दिसावा याऐवजी तो काय आहे (शीर्षक, परिच्छेद, टीप इ.) याची खूण मजकुरातच करण्याची पद्धती आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी १९६९ मध्ये विकसित केली. तिच्यावर आधारलेली ‘एसजीएमएल’ ही भाषा १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिचे सुटसुटीत रूप ‘एक्सएमएल’ १९९८ मध्ये पुढे आले. ड्रूपल (२००१), वर्डप्रेस (२००३) यांसारख्या प्रणालींमुळे संगणकतज्ञ नसलेल्या व्यक्तींनाही संकेतस्थळावरील मजकूर सांभाळणे शक्य झाले. अलीकडील काही प्रणाली आशय केवळ साठवितात व पुरवितात. त्याची मांडणी संकेतस्थळ, भ्रमणध्वनी वा छापील पत्रक यांवर स्वतंत्रपणे केली जाते.

रचना : सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबाग भागात कार्यालय आणि बाजार आवारात गुदाम असलेली हळदीची एखादी पेढी उदाहरणादाखल कल्पिता येईल. मालाचे वर्णन तिच्या दरपत्रकात, पोत्यावरील चिठ्ठीत, बिलात व संकेतस्थळावर असते. ते चारही ठिकाणी स्वतंत्रपणे टंकलिखित केल्यास एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते आणि ग्राहकाशी वाद उद्‌भवतो. त्याऐवजी जात, प्रत, वजन, हंगाम, प्रयोगशाळेचा अहवाल, दर असे घटक ठरवून प्रत्येक घटक एकदाच नोंदवावा लागतो. दर रोज बदलतो, जात बदलत नाही; म्हणून दोहोंची जबाबदारी वेगवेगळ्या व्यक्तींकडे देता येते. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याचा उल्लेख सरसकट सर्व मालावर न होता, ज्या मालाचा पुरावा नोंदीत आहे त्यावरच व्हावा, असे बंधनही अशा रचनेत घालता येते.

प्रत्येक नोंदीस कर्ता, दिनांक, आवृत्ती, मुदत इ. तपशील जोडतात. आशयाविषयीच्या या माहितीस ‘मेटाडेटा’ म्हणतात. हळद, हळकुंड, हळदपूड यांसारख्या शब्दांचे परस्परसंबंध दाखविणारी नियंत्रित शब्दसूचीही आवश्यक असते. अन्यथा शोध घेताना निम्मी कागदपत्रे निसटतात.

देवनागरी मजकूर : युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी अक्षरसंचांच्या निर्मात्यांचे संकेतांक वेगवेगळे होते. अशा मजकुराचा अक्षरसंच बदलताच तो दुर्बोध होतो व त्यात शब्द शोधता येत नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. जुना मजकूर त्यात रूपांतरित करता येतो. परंतु जोडाक्षरे व अंक यांत चुका राहत असल्याने मुद्रितशोधन अपरिहार्य ठरते.

कायदा व सुरक्षितता : वस्तू व सेवा कराखालील ई-बीजक पद्धती १ ऑक्टोबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेले व्यापारी तिच्या कक्षेत आले. तीत बिलाचे घटक ठराविक नमुन्यातच द्यावे लागतात. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके किमान ८ वर्षे जपावी लागतात. ग्राहकांची व्यक्तिगत माहिती हाताळण्यासंबंधीचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला.

ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या महापुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा प्रसंगी तळमजल्यावरील वह्या आणि संगणक दोन्ही सारखेच निरुपयोगी होतात. मूळ संगणकाशेजारीच ठेवलेली दुसरी प्रत संरक्षण देत नाही. ती दूरच्या ठिकाणी असावी लागते आणि तीवरून माहिती खरोखर परत मिळते की नाही, हे अधूनमधून पडताळावे लागते.

मर्यादा : महागडी प्रणाली घेतल्याने अव्यवस्था आपोआप दूर होत नाही. कोणती माहिती कोठे आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे व केव्हा कालबाह्य होते, याची साधी यादी हा पहिला टप्पा होय. लहान पेढीस तो अल्प खर्चात साधतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने संस्थेच्या साठ्यातून ग्राहकांना उत्तरे देऊ लागल्यापासून या यादीचे महत्त्व वाढले आहे. साठ्यात रद्द झालेले दरपत्रक राहिल्यास असे साधन जुना दरही चालू दर म्हणून सांगते. त्या दराने माल देण्याचा प्रश्न मात्र पेढीपुढे उभा राहतो.